पोपट ओहोळची झोप

तेवीस वर्षं मी मालगाडी चालवली. त्या तेवीस वर्षांत सगळ्यात जास्त शिव्या मी कुणाला दिल्या असतील, तर त्या पोपट ओहोळला. साहेबाला नाही, तासन् तास सिग्नल न देणाऱ्या स्टेशन मास्तरला नाही, बायकोला तर नाहीच, तेवढी आपली छाती नाही. पोपटला. कारण तो आम्हाला झोपेतून उठवायचा. तेच त्याचं काम होतं आणि त्याचाच त्याला पगार होता.

ज्यांनी दौंडची रेल्वे कॉलनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मालगाडीला वेळापत्रक नसतं. ती भरली की निघते. मग ड्रायव्हरच्या घरी दोन तास आधी निरोप जायचा. तो निरोप घेऊन येणारा माणूस म्हणजे कॉलमन. हातात बॅटरी आणि काखेत वही. वहीत वेळ टाकून ड्रायव्हरनं स्वतः सही करायची. बायकोची चालत नाही, पोराची चालत नाही. सही झाल्याशिवाय कॉलमननं दारातून हलायचं नाही, असा नियम. बाकीचे कॉलमन दोन हाका मारून वही खिडकीतून आत सरकवायचे. पोपट मात्र नियमाला चिकटून बसायचा.

"आप्पा, कॉल हाय. सोलापूर साईड. सही करा."

"मी मेलो म्हणून सांग जा."

"मेल्याची बी सही लागती, आप्पा."

एकदा मी अंथरुणातूनच चप्पल फेकली. ती त्याच्या छातीवर बसली. त्यानं ती उचलली, पायरीवर दुसऱ्या चपलेशेजारी नीट जोडून ठेवली आणि वही पुढं केली. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? मी मारुतराव हंडाळ, आमच्या घराण्यात मेंढरं राखता राखता बापजाद्यांचा गळा मोठा झालेला, पण पोपटपुढं माझा आवाज कधी चालला नाही.

तो यवतजवळच्या एका वाडीतला. आईबाप लोकांच्या रानात राबले, याला दहावीपर्यंत शिकवला. ब्याऐंशी साली तो रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस म्हणून लागला आणि पुढं कॉलमन झाला. बायको ताईबाई, पोरगी सुरेखा. दोन खोल्यांचं क्वार्टर, दारात तुळस नाही पण मोगरा होता, आणि आत बाबासाहेबांचा फोटो. चौदा एप्रिलची मिरवणूक हा माणूस असा वेळेवर काढायचा की पोलीस त्यावर घड्याळ लावायचे. भेटला की तो जय भीम म्हणायचा, मी जय मल्हार म्हणायचो, आणि मग दोघं मिळून साहेबाला शिव्या द्यायचो. अशी आमची दोस्ती.

आता माझं पाप सांगतो. ते आधी सांगितलेलं बरं.

गाडीवरच्या माणसाला डॉक्टर म्हणजे वैरी वाटतो. ठरावीक वर्षांनी मेडिकल असतं. डोळे, बीपी, साखर आणि झोप. एक शब्द इकडचा तिकडं झाला की तुम्ही इंजिनवरून खाली. मग कुठंतरी स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजत बसा. म्हणून आमच्यात एक रीत होती. मेडिकलच्या आदल्या दिवशी जुन्या माणसानं नव्यांची शाळा घ्यायची. ती शाळा मी घ्यायचो, ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या रनिंग रूममागं लिंबाखाली. पोरं पुढ्यात बसायची.

"डॉक्टर विचारतील, डोकं दुखतं का?"

"न्हाई!"

"चक्कर येते का?"

"न्हाई!"

"झोप कशी आहे?"

"फर्स्ट क्लास!"

हे सगळे एका सुरात म्हणायचे आणि आम्ही हसून लोळायचो. त्या शाळेत पोपटही बसायचा. कॉलमनचं मेडिकल आमच्याइतकं कडक नव्हतं, पण पोपटला नियमाची सवय. सगळे करतात तर आपणही करायचं. डोकं दुखायचं, संध्याकाळी पाय सुजायचे, आणि हा डॉक्टरपुढं उभा राहून सांगायचा, काही नाही साहेब, फर्स्ट क्लास. बीपी वाढून वाढून दोन हजार एक साली त्यानं, ड्रायव्हर ड्युटीला हजर होतात त्या लॉबीत, रक्ताची उलटी केली. तोवर दोन्ही मूत्रपिंडं गेलेली होती.

डाव्या हाताच्या शिरा आतून जोडल्या आणि डायलिसिस सुरू झालं. मंगळवार आणि शुक्रवार, पुण्याच्या एका रुग्णालयात. रेल्वेचं पत्र होतं, त्यामुळं उपचाराची काळजी नव्हती. दुपारी एकला मशीनवर, पाचला मोकळा, मग पॅसेंजरनं परत. हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी, यवत, केडगाव, पाटस करत रात्री नऊच्या पुढं दौंड. फिरायचं काम बंद झालं. लॉबीत टेबलाशी बसवून ड्रायव्हरांना फोन लावायचं काम दिलं त्याला, तेही दिवसा.

दोन वर्षं अशी गेली. आम्हाला वाटायचं, गडी सावरला.

पण कॉलनीत एक कुजबूज सुरू झाली होती. पोपट रात्रभर फिरतो. कुणी त्याला विहाराजवळ पाहिलं, कुणी यार्डाच्या भिंतीला लागून. एका बाईनं तर त्याला बाहेरची बाधा झाली म्हणून सांगितलं. एकदा नव्यानं आलेल्या रेल्वे पोलिसानं त्याला हटकलं. "ए, इधर क्या कर रहा है?" तर हा म्हणतो, "पैर घुमा रहा हूँ, साब." ते ऐकून आम्ही आठ दिवस हसलो. मीही हसलो. पोपटला म्हटलं, "आयुष्यभर आमच्या झोपेची माती केलीस, आता भोग." तो पण हसला. त्याच्या डोळ्याखाली काय काळं झालं होतं, ते मला तेव्हा दिसलं नाही. दिसलं नाही म्हणजे, मी बघितलं नाही.

दोन हजार तीनच्या थंडीत एका बुधवारी दुपारी ताईबाई माझ्या दारात आली. मी रेस्टवर होतो. ती कधी अशी एकटी येणारी बाई नव्हे.

"आप्पा, ह्यांच्या हाताला पट्टी न्हाई."

"कसली पट्टी?"

"मशीनवरनं आलं की सुया काढलेल्या जागी कापूस आन् पट्टी असती. सकाळी मी काढते. आज काढाया गेले तर पट्टीच न्हाई. मागल्या शुक्करवारची बी नव्हती. मला म्हनले, वाटंतच काढली. आप्पा, त्यांचं तोंड सुजलंय. ते पुण्याला जातच न्हाईत."

डायलिसिस चुकवणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. एक पाळी चुकली तर माणूस फुगतो. दोन चुकल्या तर छातीत पाणी साठतं. तिसरी चुकली तर कधीकधी सांगायलाही वेळ मिळत नाही.

मी तसाच पायात चपला सरकवून निघालो. लॉबीत नव्हता. विहारात नव्हता. शेवटी प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला, जिथं शेड संपते, तिथल्या बाकावर सापडला. मांडीवर जेवणाचा डबा, अजून उघडलेला नाही. तोंड सुजून डोळे बारीक झालेले. आणि पाय. दोन्ही पाय हलत होते, शिलाई मशीनवर बसल्यासारखे.

"काय रे गाढवा," मी ओरडलो, "काल पुण्याला गेला नाहीस?"

"न्हाई."

"शुक्रवारी?"

"न्हाई."

"मरायचंय का?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि इतक्या साध्या आवाजात म्हणाला, जणू मी गाडीची वेळ विचारली होती. "व्हय, आप्पा."

मी त्याच्या शेजारी बाकावर बसलो.

"मशीनला मी भ्यालो न्हाई," तो म्हणाला. "सुया टोचा, चार तास बांधून ठेवा, पाणी तोडा, मीठ तोडा. समदं केलं. पर रातीला भितो मी. दिस मावळला की पोटऱ्यात सुरू होतं. मुंग्या न्हाईत, कळ बी न्हाई. हाडाच्या आत कुनीतरी ओढतंय असं. पाय हलवला की थांबतं. ठेवला की पुन्हा. आडवं झालो की उठावंच लागतं. मग फिरतो. दमून येतो, पडतो, डोळा लागतो न लागतो तवर पुन्हा तेच. आप्पा, दोन वर्सं झाली. मी सलग दोन तास झोपलेलो न्हाई. ताई बी जागी राहती, पाय चेपती. तिचं बी हाल. मशीनवर मात्र झोप लागती, चारी तास. गाडीत लागती. घरी आलो की संपलं. असं जगवायला मशीन लावतात व्हय? न्हाई लावलं तर जीव सुटंल तरी."

"अरे मग डॉक्टरला का नाही सांगितलंस?"

एक मालगाडी आली, तिचे सगळे डबे त्यानं जाऊ दिले.

"त्या मॅडम दर वेळंला इचारतात," तो म्हणाला. "झोप कशी हाय, पोपटराव? मी सांगतो, फर्स्ट क्लास."

"का?"

"तुमीच तर शिकवलं, आप्पा."

तेवीस वर्षांत मी चुकून लाल सिग्नल ओलांडला नाही, पण त्या दिवशी तसं काहीतरी केल्यासारखं वाटलं. तो पुढं सांगत होता. कागदावर झोप नाही असं एकदा लिहिलं गेलं की ते रेल्वेच्या डॉक्टरकडं जाणार. ज्याला झोप नाही तो टेबलावर पेंगणार, मग अनफिट. नोकरी गेली की क्वार्टर गेलं, रेल्वेचं पत्र गेलं, आणि मशीनही गेलं. म्हणून दोन वर्षं तो खोटं बोलत राहिला, मशीन टिकावं म्हणून. आणि त्या खोट्यापायीच त्याला मशीन नकोसं झालं.

मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी त्याला शिवीच दिली. "च्यायला, माझी शाळा इंजिनवाल्यांसाठी होती! तुला कुणी सांगितलं होतं आयुष्यभर अभ्यास करायला?"

त्याला तिथंच बसवून मी वेल्फेअर इन्स्पेक्टर बाळासो पवारांच्या ऑफिसात गेलो. नाव न घेता विचारलं, एखाद्या आजारी माणसाची झोप गेली आणि तो सध्याच्या कामाला अनफिट ठरला, तर? बाळासोंनी चष्म्यावरून पाहिलं. "पोपटचं विचारताय ना? नोकरी जात नाही, मारुतराव. तसा कायदाच आलाय, त्यालाही आठ वर्षं होत आली. दुसरं हलकं काम देतात, पगार तोच. जुन्या काळातल्या भीत्या तुम्ही अजून डोक्यात घेऊन बसलाय." मला त्या क्षणी बाळासोंचे पाय धरावेसे वाटले आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. दोन्ही केलं नाही. पळत प्लॅटफॉर्मवर आलो.

पोपटनं सगळं ऐकून घेतलं. मग बराच वेळ डबा या हातातून त्या हातात केला.

"एक महिना," तो म्हणाला. "उद्याच येतो तुमच्यासंगं. खरं सांगतो. पर आजपासनं एका महिन्यात झोप लागली न्हाई, तर पुन्यांदा मला मशीनचं नाव काढायचं न्हाई. ताईला बी समजावायचं तुमी. कबूल?"

कबूल म्हटलं. माझ्या हातात हात दिला त्यानं. हात थंडगार होता.

दुसऱ्या दिवशी गुरुवार, पाळी नसताना गेलो. त्याला बघताच मॅडमनी आधी मशीन लावलं, बोलणं नंतर. छातीत पाणी साठायला लागलंच होतं. दोन तासांनी त्याला जरा श्वास आला तेव्हा त्या पलंगाशी आल्या. तरुण बाई, बारीक चणीची, आवाज मात्र खणखणीत. सवयीनं त्यांनी विचारलं, "आणि झोप कशी आहे, पोपटराव?"

पोपटनं माझ्याकडं पाहिलं. "फर्स्ट..." म्हणाला आणि थांबला.

"न्हाई, मॅडम. झोपच न्हाई. दोन वर्सं झाली."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग एकेक प्रश्न. पायात होतं का? संध्याकाळनंतर वाढतं का? पडून राहिलं की जास्त, चाललं की कमी? आतून ओढल्यासारखं? प्रत्येक प्रश्नाला पोपटचे डोळे मोठे होत गेले.

"तुमाला कसं कळलं, मॅडम?"

"अहो, हा आजार आहे. डायलिसिसच्या कितीतरी पेशंटना होतो. पाय स्वस्थ बसू देत नाहीत. याला नाव आहे, औषध आहे."

पोपट रडायला लागला. एवढी वर्षं मी त्याला ओळखतो, चप्पल खाऊन न हललेला माणूस, उशीत तोंड खुपसून रडला. "ह्याला नाव हाय, आप्पा," एवढंच म्हणत होता. "मला वाटलं मी येडा झालो."

मॅडम माझ्याकडं वळल्या. खोटं बोलायला कुणी शिकवलं ते मी सांगून टाकलं. वाटलं होतं त्याहून जास्त बोलल्या मला, आणि बोलल्या ते योग्यच होतं. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही स्वतः गाडी चालवता ना? तुमची झोप कशी आहे?"

जिभेवर आलेला शब्द मी गिळला. "बरी नाही," म्हटलं. "आता दाखवून घेतो."

रक्त तपासलं तर अंगातलं लोह पार खाली गेलेलं. त्याची इंजेक्शनं मशीनमधूनच द्यायची ठरलं. संध्याकाळी घ्यायची एक बारीक गोळी दिली. दुपारनंतर चहा बंद. हे पोपटला सुईपेक्षा जास्त लागलं. दिवसाला जेमतेम लिटरभर पाणी, त्यातलं निम्मं तो लॉबीत चहावर घालवायचा. झोपायच्या आधी ताईबाईनं कोमट पाण्यानं पाय शेकायचे. आणि मशीनवर अजिबात झोपायचं नाही. पाळी दुपारची काढून सकाळची केली. म्हणजे पहाटेची शटल पकडायची, आणि आता ताईबाईही सोबत जाणार.

"मी झोपत न्हाई म्हनून आलो," पोपट म्हणाला, "आन् तुमी मला जागं ऱ्हायला सांगताय."

"दिवसाची झोप रात्रीला ठेवायची," मॅडम म्हणाल्या. "आणि गुण यायला वेळ लागतो. धीर धरा."

किती वेळ लागेल ते त्यांनी सांगितलं नाही. मीही पोपटपुढं विचारलं नाही.

त्याला जागं ठेवायचं काम मॅडमनी नकुशीबाईवर सोपवलं. ही कोरेगाव भीमाची, मशीनवरचीच एक पेशंट. हायवेला कंपनीच्या गेटासमोर तिची भज्यांची गाडी होती. मूत्रपिंडं गेल्यावर गाडी सुनेकडं गेली, पण तोंडाचा पट्टा नकुशीबाईकडंच राहिला. पोपटचा पलंग तिच्या शेजारी लावला. मी एका रेस्टला सोबत गेलो तेव्हा बघितलं. त्याची पापणी जड झाली की बाई ओरडायची, "ओ रेल्वे! झोपू नका. झोपलात तर मी गानं म्हनीन." एकदा तो खरंच झोपला आणि तिनं खरंच गाणं म्हटलं. पोपट म्हणाला, तेवढ्यावरच माझी मान कायमची ताठ झाली.

पण त्याच नकुशीबाईनं दुसऱ्या आठवड्यात हळूच सांगितलं की तिचेही पाय रात्रभर ओढतात. लाजेनं कधी बोलली नव्हती. तिला वाटायचं, आयुष्यभर भज्यांच्या गाडीमागं उभं राहिल्यानं झालं असेल. मॅडमनी मग त्या हॉलमधल्या सगळ्यांना विचारलं. अकरापैकी सहा निघाले. एकाला वाटायचं वय झालं. एकाला वाटायचं सून म्हणेल, नाटकं करतोय. सगळे आपापल्या घरात एकटे जागत होते आणि मशीनवर शेजारी शेजारी घोरत होते.

हे सगळं चांगलं चाललं होतं, पण झोप काही येत नव्हती.

पहिला आठवडा तर आधीपेक्षा वाईट गेला. दिवसाची झोप तोडलेली, रात्रीची आलेली नाही. पोपट लॉबीत बसल्या बसल्या भिंतीला टेकायचा. चिडचिडा झाला, ताईबाईवर कधी नव्हे ते ओरडला. दुसऱ्या आठवड्यात पाय जरा कमी ओढतात म्हणाला. तिसऱ्यात एका रात्री सलग तीन तास झोपला. मी कॉलनीत पेढे वाटायच्या बेतात होतो. लगेच पुढच्या दोन रात्री पुन्हा कोरड्या. माझा जीव नुसता टांगणीला. गाडीवर असलो तरी डोक्यात तेच. माझी बायको गीताबाई म्हणाली, "तुम्हालाच आता झोप लागेना."

महिना संपायला आठवडा राहिला तेव्हा तो लॉबीबाहेर भेटला.

"आप्पा, सातच दिस ऱ्हायले."

"मला मोजता येतं."

"तुमी शबूद दिलाय."

"दिलाय ना! मग डोकं खाऊ नकोस. गोळी घे आणि पड जा." मी ओरडलो आणि पाठ फिरवली, कारण माझे डोळे त्याला दाखवायचे नव्हते. त्या शब्दाचं मी काय करणार होतो ते मला आजही माहीत नाही. ताईबाईला जाऊन काय समजावणार होतो? नवऱ्याला मरू दे म्हणून?

त्यानंतरचा शुक्रवार. सकाळचे सात वाजून गेले असतील. मी ड्युटीवरून येऊन अंगणात आरसा लावून दाढी करत होतो. अर्ध्या गालाला साबण. फाटक वाजलं म्हणून बघितलं तर ताईबाई. पायात चप्पल नाही, केस सुटलेले. शुक्रवार म्हणजे ही दोघं पहाटेच्या शटलनं पुण्याला निघालेली असायची. ही इथं कशी? वस्तरा गालाला लागला, रक्त आलं, ते नंतर कळलं.

"काय झालं, ताईबाई?"

ती पदर तोंडात धरून रडत होती. मी अंगणातच खाली बसलो. गेला, असंच वाटलं मला. बाबा, गेला पोपट. महिना पण पुरा केला नाही त्यानं.

"झोपल्यात," ती म्हणाली.

"काय?"

"दहाला पडले, आप्पा. मी वाट बघत ऱ्हायले, आता उठतील, मग उठतील. अकरा वाजले, बारा वाजले. घरात इतकं शांत मी कवा ऐकलंच न्हाई. मला भ्या वाटलं. नाकाशी हात धरला. तरी खात्री वाटंना. मग त्यांच्या हाताची ती जोडलेली शीर असती ना, हात ठेवला की आत घुरघुरती, तिथं तळवा ठेवला. घुरघुरत हुती. मी तशीच तिच्यावर हात ठिवून उजाडेपर्यंत बसले. मलाच झोप न्हाई रातभर." ती रडता रडता हसायला लागली. "पाचला उठवाया पायजे हुतं. शटल हुती. पर उठवू वाटंना, आप्पा. घोरत हुते. दोन वर्सांनी घोरत हुते. शटल गेली. आता मशीन चुकलं. आता काय करू मी?"

मला तिला सांगायचं होतं की काही होत नाही, पुढची गाडी आहे. पण मी नुसता हातानं बस बस म्हणत होतो.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून आरडाओरडा ऐकू आला. पोपट येत होता. सदऱ्याचा एकच हात घातलेला, खांद्याला पिशवी, गालावर उशीचे वळ उमटलेले, आणि तोंडानं जे चाललं होतं ते अख्ख्या कॉलनीनं दारात येऊन ऐकलं.

"ताये! आगं मला उठवलं का न्हाईस? शटल गेली की! आठला मशीन हाय माझं! मॅडम दुसऱ्याला देत्याल, मग मी काय करू? येवढी साधी गोष्ट कळंना तुला?"

महिन्यापूर्वी हाच माणूस बाकावर बसून मला व्हय म्हणाला होता. मी हसायला लागलो, आणि मग हसता हसता ढसाढसा रडायला लागलो, साबण, रक्त आणि सगळं एकत्र. ताईबाई रडतीये, मी रडतोय, आणि पोपट मध्ये उभा राहून दोघांवर तापलेला.

"आप्पा, रडताय काय बायकावानी! पुढली गाडी कवा हाय ते सांगा आदी."

"मागून एक्स्प्रेस येतीये," मी म्हटलं. "वीस मिनिटं आहेत."

"मग बसलाय काय?"

मी सायकल काढली आणि त्याला मागं बसवलं. ताईबाई त्याचा दुसरा हात सदऱ्यात घालत सायकलीबरोबर पळत होती. स्टेशनच्या चढाला माझा दम गेला. मागून पोपटनं माझ्या पाठीवर थाप मारली.

"हाना की जोरात, आप्पा. आजची पाळी चुकवून मला चालायचं न्हाई."